कॅम्पर व्हॅनमध्ये रेंज जाते: बाहेर तीन काड्या, आत शून्य

आमची गाडी म्हणजे जुनी फोर्स ट्रॅव्हलर. आधी ती एका कारखान्याच्या स्टाफची ने-आण करायची. आम्ही घेतली, सीटा काढल्या, आत पलंग, ओटा, सिंक आणि फ्रिज बसवला, टपावर सोलर टाकलं. (आरटीओची कागदपत्रं कशी झाली ती कथा वेगळी, इथे नको.) नवरा चालवतो आणि मी मागे बसून जीएसटीची कामं करते. माझ्या कामाला नेटचा मोठा स्पीड लागत नाही, लागतो तो ओटीपी. महिन्याच्या २० तारखेला ३बी (जीएसटीचं मासिक रिटर्न) भरायचं, कोड जातो अशिलाच्या मोबाइलवर, त्याने तो मला फोनवर वाचून दाखवायचा, आणि नेमकं "चार... सात... हॅलो? मॅडम, हॅलो?" होतं. तोवर कोडची मुदत संपते.

गेल्या दोन वर्षांत या गाडीतली रेंज चार वेळा गेली. दर वेळी तक्रार तीच: गाडीत बसलं की फोन चालत नाही, किंवा चालता चालता मरतो. आणि दर वेळी कारण निराळं निघालं. सुरुवातीला आम्ही आधी खर्च केला आणि मग कारण शोधलं. तुमची तरी तशी गत होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

काड्या सोडा, आकडा बघा

पहिली खेप वेळासची. बाणकोटच्या किल्ल्याजवळचं हे गाव, मार्चमध्ये कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो, पण तारीख नेमकी २०. गाडी एका घराच्या मागे आंब्याखाली लावली. आत बसून फोन लावला की "हॅलो"च्या पुढे काही सरकेना. दार उघडून खाली उतरलं की आवाज खणखणीत. माझी ही चढ-उतर चार-पाच वेळा बघून घरच्या काकू म्हणाल्या, "ताई, त्या विहिरीच्या कठड्यावर बसा. आमचे सगळे फोन तिथूनच होतात." कोकणात प्रत्येक घराला अशी एक जागा असतेच. कुठे पायरी, कुठे गोठ्याचं कुंपण. त्या दिवशीची सगळी रिटर्न्स मी विहिरीवर बसून भरली.

रात्री नवऱ्याने फोनमधला आकडा शोधून काढला. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', त्यात सिमचं स्टेटस उघडलं की सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दिसते. बऱ्याच फोनवर *#*#४६३६#*#* डायल केलं तरी दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५#* लावून कॉलचं बटण दाबायचं. आकडा उणे असतो, म्हणून −८५ हा −११० पेक्षा चांगला. ४जीवर −९०च्या आसपास असेल तर निवांत काम होतं. −१०० ते −११० मध्ये निभतं. −११५च्या पुढे "हॅलो हॅलो" सुरू होतं, आणि −१२०ला फोन नुसता टॉवर शोधत बॅटरी खात बसतो.

या आकड्यांत एक मेख आहे. ३ डीबी गेले की ताकद निम्मी होते, १० गेले की दहावा हिस्सा उरतो. आमचा आकडा दारात −९७ होता आणि आत पलंगावर −११३. फरक १६चा, म्हणजे दारात जेवढं पोहोचत होतं त्याचा जेमतेम चाळिसावा भाग आत येत होता. काड्यांवरून हे कधीच कळलं नसतं. किती डीबीएमला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या मनाने ठरवते. त्याच आंब्याखाली माझ्या फोनला एक काडी होती आणि नवऱ्याच्या फोनला तीन, आणि दोघांचाही आकडा जवळपास सारखा.

तर रेंज गेली की पहिलं काम हे. चार ठिकाणी आकडा घ्या: बाहेर उभं राहून हात वर करून, दारात, ड्रायव्हरच्या काचेजवळ, आणि आत जिथे बसता तिथे. प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबा, आकडा हळूहळू बदलतो. बाहेरच −११८ असेल तर दोष जागेचा. बाहेर चांगला आणि आत वाईट असेल तर दोष गाडीचा. दोन्हीकडे चांगला असूनही काही हलत नसेल तर मामला तिसराच, त्याबद्दल शेवटी सांगते.

आमचा दोष गाडीचाच होता, आणि तो आम्ही पैसे देऊन करून घेतला होता. उन्हाळ्यात पत्रा तापून आत भट्टी होते म्हणून बॉडीवाल्याकडून छताला आणि भिंतींना आतून चंदेरी फॉइलचा फोम चिकटवून घेतलेला. १८३६ मध्ये मायकल फॅरेडेने एक खोली धातूच्या वर्खाने मढवून बाहेरची वीज आत पोहोचत नाही हे दाखवलं होतं. आम्ही तेच ट्रॅव्हलरला केलं, वर पलंग टाकून त्यात राहायलाही गेलो.

अशा डब्यात लहरी शिरतात त्या काचांमधून. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३३ सेंटिमीटर, २३००ची १३, तर ५जीच्या ३३००ची ९. काच त्याहून बरीच मोठी असते, त्यामुळे वाट मोकळी असायला हवी. पण काचांनाही आम्ही सनफिल्म लावली होती, चंदेरी झाकेची. ती झाक धातूची असते. टेबलाशेजारच्या एकाच काचेवरची फिल्म खरवडून काढली, तर आतला आकडा −११३ वरून −१०७ वर आला. सहा डीबी, म्हणजे चौपट, आणि खर्च एक ब्लेड. फिल्म हवीच असेल तर सिरॅमिकची घ्या, तिच्यात धातू नसतो.

आधी गाडी हलवून बघा

हा भाग लोक वगळतात, कारण यात विकत घेण्यासारखं काही नसतं. पण आमचे निम्म्याहून जास्त प्रश्न गाडी हलवूनच सुटलेत.

सह्याद्रीत रेंजचा खरा शत्रू डोंगर. लहरी डोंगर ओलांडून वळत नाहीत असं नाही, पण फारच थोड्या वळतात. धरणाकाठी अगदी पाण्याजवळ, कड्याच्या पायथ्याशी गाडी लावली की फोटो सुंदर येतात आणि फोन मरतो. तीच गाडी दोनशे मीटर मागे, कड्यापासून लांब घेतली की टॉवर कड्याच्या माथ्यावरून 'दिसायला' लागतो. पाण्यावरून मात्र लहरी सुंदर येतात. खाडीच्या काठावर अलीकडच्या गावाचा टॉवर टेकडीआड असतो आणि पलीकडच्या तालुक्याचा फोनला लागतो, हे आम्ही वेसवीच्या जेटीवर प्रत्यक्ष बघितलं. सुरूच्या बनात, त्यातही पाऊस पडून झाडं ओली असताना, आकडा पाच-सहाने सहज घसरतो.

जागा बदलता येत नसेल तर तोंड बदला. ज्या बाजूला मोठी काच आहे ती बाजू टॉवरकडे करा. टॉवर कुठे आहे हे माहीत नसेल तर फोन छातीशी धरून स्वतःभोवती हळूहळू फिरा. आकडा जिथे सगळ्यात वाईट होतो, टॉवर तुमच्या पाठीशी आहे. आपलं शरीरही लहरी अडवतं.

फोनमध्ये ५जी बंद करून ४जीवर ठेवून बघा. ५जी बहुतेक ठिकाणी ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे, तो लांब पोहोचत नाही आणि पत्र्यातून तर अजिबात नाही. गावाच्या टोकाला फोन ५जी आणि ४जीमध्ये झोके घेत बसतो आणि फोन लागत नाही. घाट उतरून आल्यावर फोन जुन्याच दुबळ्या टॉवरला चिकटून राहतो; दहा सेकंद एअरप्लेन मोडवर टाकून परत आणा, जवळचा धरतो.

दोन कंपन्यांची दोन सिम तर हवीतच. जिओकडे ८५०चा पट्टा आहे, एअरटेल आणि व्हीआयकडे ९००चा, बीएसएनएलच्या ४जीला ७०० मिळालाय. कमी आकड्याचे हे पट्टे लांब जातात, पण कोणत्या गावात कोणी कोणता लावलाय हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. दोन सिमांवरही फार विसंबू नका. आपल्याकडे एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांची सामग्री टांगलेली असते, त्यामुळे पावसाळ्यात गावाची वीज गेली आणि मनोऱ्याच्या बॅटऱ्या उतरल्या की दोन्ही सिम एकदमच गप्प होतात. जानेवारी २०२५ मध्ये सरकारच्या डिजिटल भारत निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवर जिओ, एअरटेल आणि बीएसएनएलच्या ग्राहकांना एकमेकांचं ४जी वापरता यावं अशी सोय सुरू झाली. त्यामुळे आडगावात स्वतःच्या कंपनीचं नाव दिसत नसेल तर नेटवर्क 'ऑटोमॅटिक'वर आहे ना ते तपासा. मॅन्युअलवर राहिलं असेल तर समोरचा टॉवर असून नसल्यासारखा.

आणि साधा तोडगा: एक फोन डॅशबोर्डवर काचेला टेकवून त्याचा हॉटस्पॉट लावा आणि आत दुसऱ्यावर काम करा. पहिले सहा महिने आम्ही यावरच काढले. उन्हात तो फोन तापून बंद पडायचा, तेव्हा पुढचा विचार करावा लागला.

अमेरिकेहून आलेला बूस्टर

पुढचा विचार म्हणजे चूक नंबर एक. मेहुणा डॅलसला असतो, त्याच्याकडे भाड्याने आरव्ही, म्हणजे घरासारखी गाडी, घेऊन फिरायची पद्धत आहे. त्याने मोठ्या कौतुकाने गाडीचा सिग्नल बूस्टर आणला. तिथे तो कायदेशीर आहे: एफसीसीची (तिथली दूरसंचार नियामक संस्था) मान्यता असलेलं मॉडेल घ्यायचं, आपल्या मोबाइल कंपनीकडे नोंद करायची आणि लावायचा. गाडीतल्या बूस्टरला ५० डीबीची कमाल मर्यादा घालून दिली आहे.

आपल्याकडे तसं नाही. परवान्याशिवाय असं रेडिओ उपकरण बाळगणंसुद्धा १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून गुन्हा आहे, आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यातही ते खपवून घेतलेलं नाही. बूस्टर, रिपीटर लावायचा अधिकार मोबाइल कंपन्यांचा. बाजारात, ऑनलाइन राजरोस मिळतो म्हणून तो चालतो असं नाही. दुकानदार "कुछ नहीं होता, मॅडम" म्हणतो, पण पेटी असते आपल्या गाडीत.

कायदा बाजूला ठेवला तरी अमेरिकेचा बूस्टर इथे काही पट्ट्यांवर उलटा चालतो. तिकडे ८६९ ते ८९४ मेगाहर्ट्झ हा टॉवरकडून फोनकडे येणारा रस्ता आहे. आपल्या ९००च्या पट्ट्यात ८९० ते ९१५ हा फोनकडून टॉवरकडे जाणारा. म्हणजे टॉवरचा आवाज समजून तो पेटारा शेजारच्या माणसाच्या फोनची बडबड मोठी करून तुम्हाला ऐकवतो. तिकडच्या १९००च्या पट्ट्याची आणि आपल्या १८००, २१००ची अशीच टक्कर होते. शिवाय टपावरची आणि आतली अँटेना गाडीत एवढी जवळ असते की गणपतीच्या मंडपात माइक स्पीकरसमोर आला की जशी शिट्टी वाजते तशी या पेटीचीही शिट्टी वाजते, फक्त ती ऐकू येत नाही. टॉवरला ऐकू येते आणि गावाचे फोन बिघडतात. असा गोंधळ शोधत फिरायला सरकारचा वायरलेस मॉनिटरिंगचा विभागच आहे. बूस्टर बॉक्समधून न काढता मेहुण्याबरोबर परत पाठवला. तो थोडा नाराज झाला.

टपावर अँटेना, आत राउटर

जे चाललं ते असं. सिम घालायचा ४जी राउटर, त्याच्या मागे अँटेनाची दोन बोळकी (सॉकेट), तिथून केबल टपावर, टपावर अँटेना. राउटर हा सिम घातलेला एक फोनच, तो कुणाचा सिग्नल मोठा करून परत फेकत नाही. पत्र्याबाहेर कान काढतो, एवढंच. आत सगळ्यांना वाय-फाय.

राउटर घेताना दोन गोष्टी बघा. अँटेना सुटी होणारी हवी, आणि बँड (म्हणजे वरचे पट्टेच) ३, ५, ८, ४० त्यात असायला हवेत. बाहेरून मागवलेल्या काही राउटरमध्ये बँड ४० नसतो, आणि आपल्याकडे २३०० मेगाहर्ट्झ तोच. अँटेनावर तिच्या ताकदीचा आकडा म्हणून "१५ डीबीआय" वगैरे लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. वीतभर काडीतून दोन ते पाच मिळाले तर प्रामाणिक. चालत्या गाडीसाठी चहूकडून ऐकणारी बुटकी, दोन केबलची अँटेना बरी. दोन्ही केबल लावायच्या, एक लावून भागत नाही.

चुंबकाने चिकटणाऱ्या अँटेनाला खाली पत्रा लागतो, तो तिचाच अर्धा भाग असतो. ज्यांच्या गाडीला फायबरचं उंच छत आहे त्यांनी खाली ताटाएवढा लोखंडी पत्रा ठेवावा किंवा पत्र्याशिवाय चालणारी अँटेना घ्यावी. सोलर पॅनेलच्या चौकटीला खेटून लावू नका, ती अॅल्युमिनियमची असते आणि बाजूने येणारा सिग्नल अडवते. आम्ही दीड हात अंतर ठेवलं.

केबलमध्ये मात्र खरी लूट होते. साधी आरजी-५८ केबल १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागे पाऊण ते एक डीबी खाते. आमच्या वायरमनने "असू दे मॅडम, पुढेमागे लागेल" म्हणून दहा मीटर केबल घातली आणि उरलेल्या सात मीटरचं वेटोळं करून ओट्याखाली दडवलं. म्हणजे अँटेनाने मिळवलेलं सगळं ओट्याखाली संपत होतं. केबल लागेल तेवढीच ठेवा, जाड घ्या, आणि राउटरच अँटेनाच्या जवळ सरकवा. वाय-फाय चार फूट जास्त गेलं तर बिघडत नाही.

फोन करण्यासाठी मोबाइलमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. २०२० पासून आपल्याकडे ते रुळलंय. राउटरमध्ये एका कंपनीचं सिम आणि फोनमध्ये दुसरीचं असलं तरी सहसा चालतं. गोची एकच: आत −११६चा दुबळा सिग्नल असला तर फोन त्यालाच धरून बसतो आणि वाय-फायकडे वळत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि मग नुसतं वाय-फाय चालू करा. मुकाट्याने वळतो.

हे सगळं झाल्यावर त्याच वेळासच्या आंब्याखाली राउटरचा आकडा −९२ आला. फोन बाहेर हातात धरून −९७ येत होता.

पुन्हा गेली

दुसरी खेप त्याच वर्षी पावसाळ्यानंतर. केबल बदलताना जोड कमी पडला म्हणून वायरमनने बाजारातून अर्ध्या मीटरचा एक तुकडा आणून लावला. त्या दिवसापासून आकडा −१०८. चालत होतं, पण रडतखडत. तीन महिने आम्ही टॉवरला शिव्या दिल्या.

शेवटी नवऱ्याने टॉर्च घेऊन जोडाच्या तोंडात बघितलं. राउटरच्या बोळक्यात मधोमध बारीक भोक असतं, आणि केबलच्या नटात मधोमध एक पिन. पिन भोकात बसते. आणलेल्या तुकड्याच्या नटातही पिनेऐवजी भोकच होतं. भोकात भोक! हा जोड वाय-फाय अँटेनाचा, त्याचे आटे सेम, फिरकी सेम, हाताला घट्ट बसल्यासारखा लागतो, आणि आत तार तारेला टेकलेलीच नसते. नावातही फरक एवढाच की एकाला एसएमए म्हणतात आणि दुसऱ्याला आरपी-एसएमए. मारक गोष्ट अशी की सिग्नल पूर्ण बंद होत नाही. मधल्या फटीतून थोडा ओघळत राहतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. दुकानात गेलात तर नाव सांगू नका, राउटर सोबत न्या आणि टॉर्च मारून पिन दाखवायला सांगा.

तिसरी खेप निराळीच. आकडा उत्तम, नेट उत्तम, आणि मधेच दोन मिनिटं सगळं गायब. परत येतं, परत जातं. मी हिशेबातली बाई, वहीत वेळा लिहायला लागले: ११.०४, ११.३१, ११.५७, १२.२५. साधारण सव्वीस-अठ्ठावीस मिनिटांनी. एवढं वक्तशीर कोण असतं? टॉवर तर नक्कीच नसतो. १२.५२ ला मी कान देऊन बसले. फ्रिजचा कॉम्प्रेसर घरघरला आणि राउटरचे दिवे विझून पुन्हा लागले.

फ्रिज सुरू होताना जोरात करंट ओढतो. आमची बॅटरी जुनी, राउटर आणि फ्रिज एकाच बारीक वायरवर. मीटर लावला तर त्या क्षणी राउटरपाशी १०.६ व्होल्ट. राउटर बंद पडून पुन्हा उठायला दोन मिनिटं घेत होता. बॅटरीपासून राउटरला वेगळी जाड वायर ओढली, बॅटरीपाशीच फ्यूज दिला, आणि मधे ९ ते १८ व्होल्ट काहीही आलं तरी १२ सरळ देणारा कन्व्हर्टर बसवला. लिथियमची बॅटरी असेल तर हा कन्व्हर्टर उलट्या कारणानेही लागतो. चार्ज होताना ती साडेचौदा व्होल्टपर्यंत जाते आणि १२ व्होल्टचा राउटर त्याने जळू शकतो. खर्चाचं म्हणाल तर आठ वॉटचा राउटर दिवसरात्र चालवला तर सोळाएक अँपिअर-अवर खातो. मी रात्री बंद करते.

चौथी खेप मिठाची. ही हळूहळू आली म्हणून कळलीच नसती, पण तोवर मी एक सवय लावून घेतली होती: घरी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिशेला तोंड करून, प्रत्येक सफरीआधी राउटरचा आकडा वहीत लिहायचा. जागा तीच, टॉवर तोच, मग आकडाही साधारण तोच यायला हवा. गुहागरला पंधरा दिवस राहून आलो त्याआधी −८८ होता. नंतर −९१, मग −९४, आणि मेमध्ये −९९. दोन-तीनचा फरक रोजचाच, त्याचं मनावर घेऊ नका. पण एकाच दिशेला घसरत चालला की टपावर चढायची वेळ झाली.

टपावरचा जोड उघडला तर आतली पितळी पिन हिरवी पडलेली आणि केबलच्या जाळीत पाणी शिरून ती काळी झालेली. वायरमनने जोडावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. उन्हात तिचा डिंक सुटतो, कड उलते आणि खारं पाणी तिथून आत ओढलं जातं. केबलचं टोक बोटभर कापून नवा जोड लावला. वरून रबराची, स्वतःलाच चिकटणारी टेप ताणून गुंडाळली, खालून वर, कौलं घालतात तशी, म्हणजे पाणी आत न जाता घरंगळतं. आणि केबल आत शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवला, थेंब तिथून टपकतात. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये −८८.

काठीवर चढवायची दिशेची अँटेनाही आमच्याकडे आहे, मुक्काम लांबला तरच काढतो. लांबचा एकच टॉवर असेल तर ती कमाल करते. पण काठी उभी करण्याआधी वर बघा. महावितरणच्या तारा आमराईतून कशाही गेलेल्या असतात, आणि हातात अॅल्युमिनियमची काठी असते. ढग गडगडायला लागले की ती खाली.

आता तो तिसरा मामला, आकडा चांगला असूनही काही न हलणारा. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला शनिवारी रात्री माझ्या राउटरला −८६ होतं आणि व्हॉट्सअॅपचा साधा मेसेज जात नव्हता. टॉवर तोच, पण त्यावर त्या रात्री गावापेक्षा कितीतरी पट जास्त फोन. राउटरच्या पानावर आरएसआरपीशेजारी (हाच आपला डीबीएमचा आकडा) एसआयएनआर नावाचा दुसरा आकडा असतो, तो गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती स्वच्छ आहे ते सांगतो. दुपारी १५ होता, रात्री २ वर आला. यावर टपावर काहीही लावून उपयोग नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघा, नाहीतर गर्दी झोपेपर्यंत थांबा. मी पहाटे पाचला उठून सगळं अपलोड करते, तेव्हा नेट पळतं. ओटीपीसाठी अशिलाला मात्र पाचला उठवता येत नाही, तेवढी अडचण अजून शिल्लक आहे.